दोष केवळ पुढून जाणाऱ्याचा नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात कोकण रेल्वेने चिपळूणहून मुंबईला जाताना एक छोटा प्रसंग घडला. डब्याच्या टोकाला, दोन दारांमधल्या जागेत, एक वयस्क गृहस्थ असरची (दुपार कलल्यावरची) नमाज पढत होते. डोंगराकडच्या दाराशी आंब्याच्या पेट्या छातीइतक्या रचलेल्या होत्या, समुद्राकडचे दार बंद होते आणि गृहस्थांनी आपला मुसल्ला (नमाजची चटई) नेमका मधोमध अंथरला होता. पाठीमागे पेट्यांमुळे पाऊल ठेवायला जागा नव्हती. मोकळी होती ती त्यांच्या पुढची, बंद दारापर्यंतची दोन हातांची पट्टी. तिच्या एका बाजूला किटली घेतलेला चहावाला थांबला होता आणि दुसऱ्या बाजूला एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन स्वच्छतागृहाकडे जाण्यासाठी ताटकळत होत्या. माझी दाढी-टोपी पाहून त्यांनी हळूच विचारले, “काका, पुढून गेलं तर चालतं का? त्यांची नमाज मोडते का?” मी माझी चाकांची बॅग गृहस्थांच्या कपाळ टेकण्याच्या जागेपुढे उभी करून ठेवली आणि बॅगेच्या पलीकडून, दाराला चिकटून जायला सांगितले. बाई गेल्या, चहावालाही गेला. सलाम फेरल्यावर, म्हणजे नमाज संपल्यावर, गृहस्थ मला म्हणाले, “बरं केलंत. गाडीत सुतरा कोण आणतो?” (सुतरा म्हणजे नमाजीपुढची आड; त्याविषयी पुढे येईलच.) मी म्हटले, “दार होतंच की, चाचा. दोन हात पुढं सरकला असता तर सगळे तुमच्या पाठीमागून गेले असते.” ते हसले आणि मुसल्ला घडी करून आपल्या जागेवर गेले.

त्या बाईंचा प्रश्न मात्र मनात राहिला. हिंदू शेजारी, सहकारी, सहप्रवासी यांच्याकडून तो मी अनेकदा ऐकला आहे आणि त्यामागे नेहमी आदरच असतो, पण हा आदर पुष्कळदा अवघडून उभा राहतो, कारण नियम नेमका काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आम्हा मुसलमानांचीही गत फारशी वेगळी नाही. आम्हाला नियमाचा एकच अर्धा भाग पाठ असतो. त्या राहिलेल्या अर्ध्या भागासाठी हे पत्र लिहीत आहे.

पाठ असलेला अर्धा असा. नमाज पढणारा माणूस जिथे उभा असतो तिथपासून त्याचे कपाळ टेकते तिथपर्यंतची जागा त्या काही मिनिटांपुरती त्याची असते आणि ती कोणी ओलांडू नये. इमाम बुखारी (मृत्यू इ.स. ८७०) आणि इमाम मुस्लिम (मृत्यू इ.स. ८७५) या दोघांच्याही संग्रहांत अबू जुहैम यांच्याकडून आलेली हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद, आहे. नमाजीच्या पुढून जाणाऱ्याला आपण केवढा भार अंगावर घेत आहोत हे कळते, तर पुढून जाण्यापेक्षा त्याने चाळीस इतका काळ उभे राहणे पसंत केले असते, असा तिचा आशय. चाळीस काय, दिवस, महिने की वर्षे? हदीस पुढे सांगणारे अबू नद्र सरळ म्हणतात की यांपैकी कोणता शब्द होता हे मला माहीत नाही. लहानपणी मदरशात आम्ही मुले मात्र चाळीस वर्षेच धरून चालत असू, कारण एकमेकांना भीती घालायला तीच सोयीची होती.

राहिलेला अर्धा म्हणजे सुतरा. नमाजीने आपल्यापुढे एखादी आड करणारी वस्तू ठेवायची असते, म्हणजे तिच्या अलीकडे त्याची हद्द आणि पलीकडे लोकांची वाट. पैगंबरांची रीत हदीसच्या संग्रहांत जागोजागी नोंदलेली आहे. ईदच्या दिवशी मैदानात जाताना त्यांच्याबरोबर एक आखूड भाला नेला जाई आणि तो पुढे जमिनीत रोवून ते नमाज पढवीत. प्रवासात ते आपला उंट आडवा बसवून त्याच्याकडे तोंड करून उभे राहत. सुतऱ्याची उंची किती असावी, तर उंटाच्या खोगिराच्या मागच्या दांड्याइतकी, असे उत्तर त्यांनी दिल्याची नोंद आहे. फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, पुढे त्याचे मोजमाप कुठे हातभर, कुठे दोन तृतीयांश हात असे ठरवले, म्हणजे आपल्या हिशेबाने एक ते दीड फूट. भिंत जवळ असेल तर ती उत्तमच, पण तिच्या इतके जवळ उभे राहायचे की सजद्याची (कपाळ टेकण्याची) जागा आणि भिंत यांच्यामध्ये एखादी शेळी जेमतेम जाऊ शकेल.

ही शेळीही केवळ मापासाठी आलेली नाही. अबू दाऊद यांच्या संग्रहात एक प्रसंग आहे. पैगंबर भिंतीकडे तोंड करून नमाज पढवीत असताना शेळीचे एक पिल्लू त्यांच्या पुढून जाऊ लागले. ते त्याला अडवत अडवत पुढे सरकत राहिले, इतके की त्यांचे पोट भिंतीला टेकले, आणि पिल्लू त्यांच्या पाठीमागून निघून गेले. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण इथे नमाजी जागच्या जागी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यावर डोळे वटारत नाही. तो स्वतः सरकतो आणि पिल्लालाही शेवटी वाट मिळते.

आमचे वडील शेतकरी होते आणि मिस्वाकपासून (दातणापासून) मुसल्ल्यापर्यंत सगळे नियम त्यांना तोंडपाठ होते असे नव्हे, पण सुतऱ्याच्या बाबतीत ते पक्के होते. घराच्या पडवीतून आत-बाहेर करणाऱ्यांची दिवसभर वर्दळ असे. गडी, कोंबड्या, शेजारच्या बायका, आम्ही भावंडे. वडील जोहरला (दुपारच्या नमाजला) उभे राहण्याआधी स्वयंपाकघरातून जेवायचा पाट आणत आणि तो खांबाला टेकवून उभा करत. दीड फूट उंचीचा फणसाच्या लाकडाचा तो पाट उभा झाला की आम्हाला आपोआप कळे की त्याच्या अलीकडून जायचे नाही, पलीकडून खुशाल पळायचे. नमाज संपली की पाट परत चुलीपाशी. एकदा पाहुण्यांच्या गडबडीत आईने पाट द्यायला उशीर केला तेव्हा वडिलांनी आपली काळी छत्री खुर्चीच्या पाठीला अडकवून खुर्चीच पुढे ओढली होती. पाहुण्यांपैकी एक ब्राह्मण मास्तर होते, त्यांनी विचारले, तेव्हा वडील म्हणाले, “मास्तर, ही तुमच्यासाठी. मी वाटेत उभा आहे ना.” त्या वाक्यात फिकहचा (धर्मशास्त्राचा) सगळा प्रकार आला होता हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

कळायला कारण झाला तो मात्र कडू अनुभव होता. कॉलेजात असताना एका जुम्याला (शुक्रवारी) नमाज आटोपून मला शेवटची दुपारची एस.टी. गाठायची होती. एक प्रौढ गृहस्थ मशिदीच्या दाराशी, बरोबर उंबऱ्यासमोर, सुन्नत (जमातीखेरीज एकट्याने पढायची नमाज) पढायला उभे राहिले होते, पुढे काहीही न ठेवता. मी अंग चोरून त्यांच्या पुढून निघालो, तर त्यांनी नमाजमध्येच हात लांब करून माझा शर्ट पकडला आणि असा ओढला की वरचे बटण तुटले. मग चारचौघांत बोलणी खाल्ली आणि एस.टी. चुकली ती वेगळीच. त्यांचा आधार होता अबू सईद खुद्री यांची हदीस, आणि ती अगदी अस्सल आहे: पुढून जाऊ पाहणाऱ्याला हटवा, आणि तरीही तो ऐकत नसेल तर त्याच्याशी झुंजा, कारण तो सैतान आहे. पण ही हदीस सांगणारे तिचे पहिले वाक्य बहुधा गाळतात. ते असे आहे की तुमच्यापैकी कोणी लोकांपासून आड करणाऱ्या वस्तूकडे तोंड करून नमाज पढत असेल, आणि तरीही कोणी मधून जाऊ पाहील, तर. म्हणजे हटवण्याचा हक्क आड ठेवणाऱ्याला दिलेला आहे. शाफई या सुन्नी परंपरेचे फकीह तर स्पष्टच सांगतात की ज्याने सुतरा ठेवला नाही त्याला हात पुढे करण्याचा अधिकार नाही. हनफी या दुसऱ्या परंपरेच्या मते अडवण्याची केवळ मुभा आहे, न अडवणे अधिक चांगले, आणि अडवायचेच तर पुरुषाने ‘सुब्हानल्लाह’ म्हणावे किंवा हाताने खूण करावी, बाईने एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या हाताच्या पाठीवर टिचकीसारखी थाप मारावी. बटण तोडण्यापर्यंत जायचे कारण मला कुठल्याच ग्रंथात सापडले नाही.

प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण ती माझ्या म्हणण्याला अडचणीची आहे. अबू सईद यांनी ही हदीस सांगितली ती त्यांच्यावर तक्रार झाली तेव्हा. मदीनेत एका जुम्याला ते सुतऱ्याकडे तोंड करून नमाज पढत असताना एक तरुण पुढून जाऊ लागला. त्यांनी त्याला ढकलले. त्याने आजूबाजूला पाहिले, दुसरी वाट दिसेना म्हणून तो पुन्हा आला, तेव्हा त्यांनी आधीपेक्षा जोरात ढकलले. तरुण मदीनेचा सुभेदार मरवान याच्याकडे गाऱ्हाणे घेऊन गेला. म्हणजे त्या तरुणाला दुसरी वाट नव्हती, तरीही अबू सईद मागे हटले नाहीत. मी या प्रसंगाचा अर्थ असा लावतो की अबू सईद यांनी आपल्या बाजूचे कर्तव्य आधीच पार पाडलेले होते, आणि सलाम फिरेपर्यंत थांबणे त्या तरुणाला अशक्य नव्हते. ज्यांना हा अर्थ पटत नाही त्यांनी निदान आपल्यापुढे काही ठेवल्याशिवाय अबू सईद यांचे नाव घेऊ नये.

जुन्या फकीहांनी दोषाची वाटणीही करून ठेवली आहे आणि ती व्यवहाराला धरून आहे. नमाजी वाटेपासून दूर, सुतऱ्यापाठीमागे उभा असेल आणि जाणाऱ्याला दुसरी वाट असूनही तो पुढून गेला, तर दोष जाणाऱ्याचा. नमाजी रहदारीच्या वाटेत काहीही न ठेवता उभा राहिला आणि जाणाऱ्याला दुसरा इलाजच नसेल, तर दोष नमाजीचा. नमाजी वाटेत आणि जाणाऱ्यालाही दुसरी वाट होती, तर दोघेही दोषी. नमाजीने काळजी घेतलेली आणि जाणारा खरोखर नाइलाजाने गेला, तर कोणीच नाही. माझ्या शर्टाच्या प्रकरणात आम्ही कोणत्या खान्यात बसलो असतो यावर मी अजून विचार करतो. बाजूचा दरवाजा उघडा होता, हे मला तेव्हा सुचले नाही. (रस्त्याच्या मध्यावर नमाज पढणे फिकहच्या ग्रंथांनी मकरूह (नापसंत) ठरवले आहे, तेही वाटसरूची अडचण होते याच कारणाने, या विषयावर ज्यांचे बोलणे फार तावातावाने चालते त्यांनी दोन्ही बाजूंनी हे लक्षात घेतले तर बरे.)

आता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. नाही, नमाज मोडत नाही. सुन्नींच्या चारपैकी तीन मजहबांचे (धर्मशास्त्रीय परंपरांचे), म्हणजे हनफी, मालिकी आणि शाफई यांचे, मत असे आहे की पुढून कोणीही गेले तरी नमाज शाबूत राहते; हंबलींनी काळ्या कुत्र्याचा अपवाद केला आहे. बाई, गाढव आणि काळा कुत्रा पुढून गेल्याने नमाज तुटते अशा आशयाची अबू जर यांची एक हदीस आहे, पण तिच्यासमोर खुद्द पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांचे बोलणे आहे. त्यांनी ती ऐकली तेव्हा त्या संतापून म्हणाल्या की तुम्ही आम्हाला कुत्र्या-गाढवांच्या रांगेत नेऊन बसवले. पैगंबर रात्री नमाज पढत असत तेव्हा मी त्यांच्या आणि किब्ल्याच्या (मक्केच्या दिशेच्या) मध्ये आडवी झोपलेली असे, ते सजद्यात जाताना मला हाताने खूण करत आणि मी पाय आवरून घेई. त्या काळी घरांत दिवे नव्हते, असेही त्या सांगतात. एवढीशी खोली, अंधार, झोपलेली पत्नी आणि पाय आवरण्याची ती खूण, एवढ्यावरून मूळ नियमात किती जवळीक आणि सैलपणा होता ते दिसते. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्ने अब्बास यांची आठवणही अशीच आहे. वयात येण्याच्या बेतात असताना ते गाढवीवर बसून मक्केजवळच्या मिना येथे आले, पैगंबर नमाज पढवीत होते, इब्ने अब्बास एका सफेच्या (रांगेच्या) काही भागापुढून गेले, उतरले, गाढवीला चरायला सोडले आणि सफेत जाऊन उभे राहिले. कोणी काही बोलले नाही. जमातीत, म्हणजे सर्वांनी मिळून पढायच्या नमाजमध्ये, इमामाचा सुतरा तोच मागच्या सर्वांचा सुतरा, हे बहुतेक फकीह याच प्रसंगावरून सांगतात. म्हणून जमात चालू असताना पहिल्या सफेतली रिकामी जागा भरायला कोणी मधून गेला तर त्याच्यावर कोणी खेकसू नये.

आमच्या कोकणात या विषयाला आणखी एक पदर आहे. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आणि घाटावरचे बहुतांशी हनफी. शाफईंच्या क्रमात आधी भिंत किंवा खांब, मग रोवलेली काठी, ती नसेल तर अंथरलेला मुसल्ला आणि अगदी शेवटी जमिनीवर ओढलेली रेघ, असे उतरत जाते. शिवाय सुतरा तीन हातांच्या आत असला पाहिजे. त्यामुळे आमच्या गावात नुसता मुसल्ला अंथरणारा माणूस आपण सुतरा ठेवला असेच समजतो, तर पुण्याहून आलेला जावई त्या मुसल्ल्याला सुतरा मानतच नाही, कारण त्याच्या शिकवणीप्रमाणे हातभर उंचीची वस्तू हवी. दुसरीकडे हनफींनी मोठ्या मशिदीत आणि मैदानात सवलत दिली आहे: नमाजीची नजर सजद्याच्या जागेवर असताना जिथवर पुढचे दिसते तेवढे अंतर सोडून पलीकडून गेले तरी चालते. लहान मशिदीत ती सवलत नाही. लग्नकार्याला दोन्हीकडची मंडळी एकत्र आली की जेवणाआधी यावर एक वाद हमखास होतो, आणि तोवर वाट अडवून उभा असलेला माणूस सलाम फेरून पंगतीत जाऊन बसलेलाही असतो.

खरी गर्दी होते ती जुम्याला. इमामाने सलाम फेरला की निम्मे लोक सुन्नतला उभे राहतात, उशिरा आलेले आपल्या राहिलेल्या रकाती (नमाजची आवर्तने) पुऱ्या करत असतात आणि पुढच्या सफांतले दुकानदार, रिक्षावाले, सरकारी नोकर मान वळवून पाठीमागचा माणूस कधी उरकतो याची वाट पाहत बसतात. तिथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तुम्ही नमाजीच्या अगदी समोर आधीपासून बसलेले असाल आणि उठून डावीकडे किंवा उजवीकडे निघून गेलात, तर हनफी मुफ्तींच्या मते ते ओलांडणे होत नाही. एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला जाणे म्हणजे ओलांडणे. पण पाठीमागे सगळीकडे नमाजी उभे असतील तर बसून राहण्याला पर्याय नाही, आणि चार मिनिटांत कोणाचे दुकान बुडत नाही. उलट बाजूने, ज्यांना सावकाश नफिल (ऐच्छिक नमाज) पढायच्या आहेत त्यांनी दार, जिना आणि वजूच्या (हातपाय धुण्याच्या) हौदाकडची वाट सोडून पुढे जावे, भिंत धरावी, खांब धरावा. मशिदीत खांब काही केवळ छतासाठी नसतात; सलमा इब्ने अकवा हे सहाबी (पैगंबरांचे सोबती) मदीनेच्या मशिदीत मुद्दाम एका खांबापाशी जाऊन नमाज पढत, असे बुखारींनी नोंदवले आहे.

इतर धर्मांच्या वाचकांसाठी दोन शब्द. कचेरीत, रुग्णालयाच्या व्हरांड्यात, गाडीत कोणी नमाज पढत असेल तर श्वास रोखून उभे राहण्याची गरज नाही. पाठीमागून खुशाल जा. पुढे पिशवी, खुर्ची, बाटलीचा खोका असे काही ठेवलेले दिसले तर त्याच्या पलीकडून जा. काहीच नसेल आणि घाई असेल तर तुम्ही स्वतः एखादी वस्तू पुढे ठेवून पलीकडून गेलात तरी कोणी रागावणार नाही; आणि तेही जमले नाही तर त्या माणसाची नमाज होते, तुम्ही काही बिघडवलेले नसते. लहान मूल पुढून धावत गेले तर त्याच्यावर हात उगारू नका. नात उमामा हिला खांद्यावर घेऊन पैगंबरांनी नमाज पढवली आहे, सजद्यात जाताना तिला खाली ठेवत आणि उठताना पुन्हा उचलून घेत.

आपल्या राज्यातील मशिदींच्या विश्वस्तांना आणि गावोगावच्या जमातींना आपल्या पत्रामार्फत एकच विनंती आहे. पुष्कळ मशिदींत सुतऱ्यासाठी पायावर उभ्या राहणाऱ्या लाकडी फळ्या ठेवलेल्या असतात, पण त्या कोपऱ्यात चपलांच्या कपाटामागे धूळ खात पडतात. त्या दाराजवळ, हाताशी येतील अशा ठेवाव्यात, आणि एखाद्या जुम्याच्या बयानात (प्रवचनात) चाळीसची हदीस सांगताना शेळीच्या पिल्लाचा प्रसंगही सांगावा. आमच्या गावच्या मशिदीत अशा फळ्या नाहीत. मी सुताराकडे चौकशी केली; दाराच्या चौकटी करताना उरलेल्या सागाच्या तुकड्यांतून दीड फूट उंचीच्या सहा फळ्या तो रमजानच्या आधी करून देणार आहे. वडिलांचा पाट मी सातवा म्हणून नेऊन ठेवणार आहे. एका बाजूने तो वाळवीने थोडा खाल्ला आहे, पण खांबाला टेकवला की उभा राहतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. चिपळूण, जि. रत्नागिरी